दोन वेळची धार

साताऱ्याच्या एसटी स्टँडवर सकाळी उभा राहिलो तेव्हा खांद्याला पिशवी होती, खिशात रक्तदाबाच्या गोळ्या होत्या आणि डोक्यात पाटी होती. पाटीचं आधी सांगतो, कारण तिच्यामुळेच मी बारामती-इंदापूरचा रस्ता धरला.

साताऱ्यात माझं पेढ्यांचं दुकान आहे. वडील घरोघर दूध घालायचे; दुकान त्यांनी कधी पाहिलं नाही. सायकलला किटल्या लावून गल्ल्या मी पालथ्या घातल्या, भट्टीपुढे मी भाजलो, खवा आटवायला मी शिकलो आणि धाकटा भाऊ दिलीप, त्याला मीच शिकवलं. त्या दिलीपनं गेल्या वर्षी माझ्यासमोर, रस्त्याच्या पलीकडे, आपलं वेगळं दुकान मांडलं. मांडू दे, धंदा कुणाला मना नाही. पण पाटीवर वडिलांचं नाव घातलं आणि खाली लिहिलं, 'मूळ दुकान'. मी गल्ल्यावर बसलो की ती पाटी बरोबर नाकासमोर येते.

एक दिवस एक गिऱ्हाईक माझ्याच दुकानात उभं राहून विचारू लागलं, "मूळ दुकान समोरचं ना हो?" मी त्याला काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. बोलता बोलता छातीवर कुणीतरी पाटा ठेवल्यासारखं झालं. डावा हात बधिर झाला, सदरा घामानं भिजला, आणि मी पेढ्यांच्या परातीवर आडवा झालो.

दवाखान्यात सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, "हृदय ठीक आहे. हा तणाव आहे. समोर वाघ आला तर शरीर जे करतं, ते तुमचं शरीर दिवसभर एका पाटीकडे बघून करतंय. वाघ निघून जातो, पाटी जात नाही. रक्तदाब चढलेलाच आहे. असंच चाललं तर पुढच्या वेळी तुम्हाला घरी सोडता येईल असं मी सांगू शकत नाही." मग त्यांनी चालायला सांगितलं, वेळेवर झोपायला सांगितलं, श्वास सावकाश सोडायला शिकवलं, आणि एका समुपदेशक बाईंचं नाव दिलं. मी म्हटलं, "डॉक्टर, मी भांडखोर आहे, वेडा नाही." ते म्हणाले, "वेड्यांना मी दुसऱ्याकडे पाठवतो." शिवाय काही दिवस दुकानात पाऊल टाकायचं नाही अशी ताकीद दिली.

दुकानात न गेलेला मी घरात काय करतो, ते माझ्या बायकोला, लताला, दोनच दिवसांत कळलं. ती म्हणाली, "तुम्ही बरे होईपर्यंत आम्ही आजारी पडू. कुठंतरी जाऊन या." घरामागं आमचं परडं आहे. त्यात एक रिकामा गोठा आहे. परड्याच्या पलीकडच्या अंगाला दिलीपचं घर. मनात आलं, एक चांगली पंढरपुरी म्हैस आणावी. ज्या कामानं सुरुवात केली, त्या कामाशी परत जावं. शेळगावचे एक आबा भाजीचे मळे करतात, साताऱ्याला आले की माझ्याकडून पेढे नेतात. त्यांना फोन लावला. ते म्हणाले, "या राव. हितं जनावरांना तोटा न्हाय."

लतानं निघताना एवढंच बजावलं, "म्हैस बघायला जाताय. भांडायला नाही."

गाडी चालवायला डॉक्टरांनी मनाई केली होती, म्हणून एसटी. कित्येक वर्षांत बसलो नव्हतो. मी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली आणि वर चढून बघतो तर त्यावर एक गृहस्थ बसलेले, माझा रुमाल घडी करून मांडीवर ठेवलेला. मी आवाज चढवला. त्यांनी रुमाल माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "पडला होता तुमचा." कंडक्टर मागून म्हणाला, "काका, फलटणला उतरायचंय का हितंच?" लोक हसले. मी फलटणपर्यंत उभ्यानं गेलो. बसायला मागाहून जागा झाली होती, पण बसलो नाही.

फलटणला गाडी बदलली. पुढे नीरा नदी ओलांडली की बारामती तालुका लागतो. थंडीचे दिवस, उसाच्या हंगामाचे दिवस. रस्त्याला दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, त्यांच्यातून सांडलेल्या उसाच्या कांड्या, आणि कांड्या उचलून खात शाळेला निघालेली पोरं. दोन्ही बाजूंना ऊस इतका उंच की वाटावं गाडी बोळातून चाललीय. मध्येच कुठं तोड झालेलं रान उघडं पडलेलं, पाचट पेटवलेलं, धुराचा पट्टा जमिनीला धरून राहिलेला. आमच्याकडे डोंगर दिसल्याशिवाय नजर थांबत नाही. इथं नजरेला थांबायला काही नाही. मला ते सुरुवातीला बरं वाटलं नाही.

बारामती मोठं, नेटकं गाव. रुंद रस्ते, कालव्याला भरपूर पाणी. मी स्टँडजवळच्या खाणावळीत शेंगोळी (हुलग्याच्या पिठाची, रश्श्यात शिजवलेली वेटोळी) आणि भाकरी खाल्ली. चवीला नाव ठेवण्याजोगं काही नव्हतं, तरी मी मालकाला रस्सा पातळ आहे असं ऐकवलं. तो म्हणाला, "पातळच असतो." मी धंदेवाला माणूस, उलट उत्तर न देता गिऱ्हाईकाला गप्प करणारा भेटला की माझ्या लक्षात राहतो.

दुपारी पणदऱ्याला गेलो. तिथं एका दूधवाल्याकडे म्हशी असल्याचं आबांनी सांगितलं होतं. म्हैस नजरेत भरण्यासारखी होती. पण मी सौदा करायला लागलो की माझी एक रीत आहे. आधी जनावराला नावं ठेवायची, मग मालकाला, मग त्याच्या गावाला. साताऱ्यात ती चालते. सगळ्यांना माझा स्वभाव माहीत आहे. मी म्हटलं, "शिंग बेढब, चाल खराब, आणि मालक दाखवतोय असं की ऐरावतच विकतोय." तो माणूस माझ्याच वयाचा. त्यानं काही बोलण्याआधी माझ्या हातातलं दावं (जनावर बांधायचा दोर) काढून घेतलं आणि म्हैस पुन्हा खुंट्याला बांधली. मग म्हणाला, "पाव्हणं, तुमाला म्हस न्हाय घ्यायची. तुमाला भांडण घ्यायचंय. त्ये आमच्याकडं इकायला न्हाय."

परतीच्या जीपमध्ये छाती आवळून आली. मी गोळी चघळली आणि खिडकीला डोकं टेकून बसलो. माझ्या मनात तेव्हा पणदऱ्याचा माणूस नव्हता, दिलीप होता. हे विचित्र आहे, पण मी आता त्याची सवय करून घेतली आहे. कुणावरही चिडलो तरी शेवटी चेहरा त्याचाच दिसतो. खवा आटवताना उलथनं थांबलं की दूध एकाच जागी लागतं. मग वर कितीही ढवळा, करपल्याचा वास सगळ्या कढईला येतो.

रात्र बारामतीतल्या लॉजवर काढून दुसऱ्या दिवशी इंदापूरच्या रस्त्याला लागलो. या बाजूला ऊस हळूहळू विरळ होतो आणि डाळिंबाच्या, पेरूच्या बागा सुरू होतात. डाळिंबाच्या झाडांवर जुन्या साड्यांचं पांघरूण घातलेलं असतं, उन्हानं फळं डागाळू नयेत म्हणून. लाल, निळ्या, फुलाफुलांच्या साड्या नेसून झाडं ओळीनं उभी. शेळगावच्या फाट्यावर आबा मोटारसायकल घेऊन थांबले होते. टोपी, पांढरी मिशी, आणि हँडलला दुधी भोपळ्यांची पिशवी.

"आलं का सातारकर," ते म्हणाले. "तोंड उतरलंय. पणदऱ्याचा फोन आला हुता मला."

"काय म्हणाला?"

"म्हणला, आबा, पाव्हणा धाडताना येसण घालून धाडत जा."

मी रागावलो. आबांनी गाडी सुरू केली आणि वाऱ्यात माझा राग कुणाला ऐकू गेला नाही.

ज्या म्हशीसाठी त्यांनी मला आणलं होतं, ती जैतूनबींची. जैतूनबी म्हणजे साठीच्या आसपासच्या विधवा बाई. नवरा शेती करायचा, आता मुलगा इंदापुरात फळांची गाडी भरायच्या कामाला जातो, आणि चार म्हशींचा गोठा बाई एकहाती बघतात. डोक्यावर पदर, हातात काचेच्या हिरव्या बांगड्यांऐवजी रबरी कडं, आणि बोलणं असं की भाजी चिरतायत. घराला लागून एक नवी, न रंगवलेली भिंत होती. पलीकडे त्यांच्या जावेचं घर.

"ही चांदणी," त्या म्हणाल्या. म्हशीच्या कपाळावर पांढरा ठिपका होता. शिंगं तलवारीसारखी, खांद्याच्या मागं गेलेली. कास (दुधाची पिशवी) घट्ट, सड सारखे. मी मनात म्हटलं, हीच. तोंडानं म्हटलं, "कास तर भरलेली दिसते. सकाळची धार राखली नाही ना?"

हे बोलायचं कारण सांगतो. विकणारे लोक आदल्या वेळची धार काढत नाहीत, म्हणजे कास तुंबते आणि जनावर जास्त दुधाचं वाटतं. म्हणून घेणाऱ्यानं लागोपाठ दोन वेळची धार समोर काढून बघायची, मगच सौदा. हा रिवाज सगळीकडे आहे आणि विचारण्यात गैर काही नाही. कशा सुरात विचारलं, त्यात गैर असू शकतं.

जैतूनबींनी आबांकडे बघितलं. "आबा, ह्ये पेढंवालं हाईत न्हवं? मला वाटलं ग्वाड बोलत्याल."

"पेढं ग्वाड हाईत," आबा म्हणाले.

"संध्याकाळी या," बाई मला म्हणाल्या. "डोळ्यांदेखत काढते. सकाळी परत काढते. मग तुमचं तोंड आन् माजी म्हस."

संध्याकाळी गेलो. गोठ्यात धुरी केली होती, म्हशी रवंथ करत होत्या, बादलीत आंबोण (पाण्यात भिजवलेली पेंड) तयार होतं. बाईंनी दारातच चपला काढल्या, सड धुतले, रेडकू सोडलं. रेडकानं दोन ढुशा दिल्या. एवढ्यात माझा फोन वाजला. दुकानातून मुलगा, संदीप. दिलीपकाकानं पाटीला दिवे लावलेत, म्हणाला. लुकलुकणारे.

मी गोठ्याच्या दारात उभा राहून फोनवर बोललो. बोललो म्हणजे ओरडलो. वडिलांच्या नावावर दिवाळी करतोय, त्यांच्या चितेला लाकडं मी आणली होती, वगैरे. फोन ठेवून आत वळलो. गोठ्यात सगळं शांत होतं. रेडकू बाजूला बांधलेलं, जैतूनबी चरवी (दूध काढायचं भांडं) गुडघ्यात धरून बसलेल्या, आणि चरवीच्या तळाशी जेमतेम ओल.

"पान्हा चोरला तिनं," त्या म्हणाल्या. गायी-म्हशी घाबरल्या, बिथरल्या की दूध कासेत असूनही वर ओढून घेतात. सडात सोडत नाहीत. हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. तरी मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "दूधच नसेल."

बाई उठल्या नाहीत. "काय म्हणलात?"

"म्हटलं, दूधच नसेल. पंढरपुरी जातीची म्हैस आमच्याकडे चौकात उभी करून दूध काढतात. गाड्या, माणसं, भोंगे, काही वाटत नाही तिला. हिला माझ्या फोननं काय होतंय? असेल दूध तर सुई टोचून दाखवा."

काही लोक पान्हा यावा म्हणून सर्रास इंजेक्शन देतात. जनावराचं नुकसान होतं, पण चरवी भरते.

जैतूनबी तेव्हा उठल्या. त्यांनी चरवी पालथी घातली आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "चौकात दिती ती. भांडणात न्हाय दित. आन् सुई माज्या गोठ्यात येत न्हाय. घ्यायची आसंल तर सकाळी या, न्हायतर फाट्यावर गाडी मिळती अजून."

आबा मला बाहेर घेऊन आले. छाती पुन्हा जड झाली होती. मी कट्ट्यावर बसलो. अंधार पडत होता आणि लांब कुठं तरी कारखान्याकडे चाललेल्या ट्रॅक्टरवर गाणं वाजत होतं. आबा पाणी घेऊन आले. थोड्या वेळानं जैतूनबी आल्या आणि चुलीवरच्या चहाची कपबशी माझ्या बाजूला ठेवून जरा लांब जोत्यावर बसल्या. मी चुकलो असं म्हणावं एवढंही बळ नव्हतं, आणि खरं सांगायचं तर इच्छाही नव्हती.

"छातीत दुखतंय?" त्यांनी विचारलं.

"आवळतंय. डॉक्टर म्हणतात तणाव आहे."

"कशाचा?"

मी पाटीची हकिगत सांगितली. एवढी सलग मी ती कुणालाच सांगितली नव्हती. घरच्यांना ती माहीत असते म्हणून सांगता येत नाही, आणि बाहेरच्यांना सांगायची लाज वाटते. बाईंनी मध्येच 'बरोबर हाय' किंवा 'जाऊ द्या' असं काहीच म्हटलं नाही. संपल्यावर एवढंच म्हणाल्या, "चूक तुमच्या भावाचीच हाय."

जो तो मला सांगायचा, भावाला माफ कर. चूक त्याची आहे, हे कुणी म्हटलं नव्हतं.

"ती भित बघितली?" त्यांनी शेजारच्या कच्च्या भिंतीकडे हनुवटी केली. "माजा मालक गेला आन् चाळिसावा दिस हुयाच्या आत जावंनं भित घातली. हौद तिच्या अंगाला ऱ्हायला. आंगनातनं हौदाला जायाचे, ती मी आता गावाला वळसा घालून जाते. रोज दिसती भित."

"मग राग येत नाही?"

"येतो की. न येऊन कसं चालंल?" त्या म्हणाल्या. "पयल्यांदा लय यायचा. हात कापायचं. झोप न्हाय. चारी म्हशी आटल्या. पोरगं म्हणलं, अम्मी, वैरण कमी पडती का? वैरण न्हाय, मीच. रागानं फनफनत आत जायचे, आन् त्या मुक्या जनावरांना सगळं कळायचं. मग दारातच चपला काढायला लागले. मनाला सांगितलं, राग हितं चपलांसंगं काढायचा. धार झाली की चपला घालायच्या, राग बी घालायचा आन् जायाचं. कुनी चोरून न्हेत न्हाय."

आबा हसले. "चपला न्हेत्यात. राग न्हेत न्हाईत."

"आणि एवढ्यानं बरं झालं?" मी विचारलं. माझा धंदाच भाव पाडायचा.

"एवढ्यानं कुठलं. मी काय पीर हाय व्हय? धार दोन वक्ताला, आन् दिवस केवढा. बारामतीला दवाखान्यात गेले. तितं एक बाई बसती, तिला सगळं सांगायचं. ती नुस्ती ऐकत न्हाय, इचारती बी. लय दिवस गेले मी. लोक म्हणले, जैतून येडी झाली. म्हणलं, येडी आसते तर गेलेच नसते."

त्या रात्री मी आबांच्या घरी ज्वारीची भाकरी आणि दुधीचं कालवण जेवलो आणि लवकर आडवा झालो.

सकाळी धुकं होतं. डाळिंबाच्या साड्या दवानं जड होऊन लोंबत होत्या. गोठ्याशी जैतूनबी दारात उभ्या होत्या आणि चरवी त्यांनी माझ्याकडे केली.

"काल म्हणलात, सायकलीवर दूध घालायचात. मग धार बी काढत असाल."

"किती वर्षं झाली त्याला."

"बसा की मग. मी काढली तर म्हणाल, बाईनं जादू केली."

मी फोन आबांच्या हातात दिला. चपला काढल्या. जमीन थंडगार होती, शेणानं सारवलेली, मऊ. आबांनी माझ्या चपला सरळ करून भिंतीशी ठेवल्या, बाईंच्या चपलांशेजारी. मला त्याचं हसू आलं नाही. वाटलं की खरंच काहीतरी तिथं ठेवून चाललोय, आणि ते माझं आहे, आणि मागं वळून बघितलं तरी तिथंच असेल.

सड धुतले. रेडकू सोडलं, बाजूला घेतलं. मी उकिडवा बसलो आणि चांदणीच्या कुशीला कपाळ टेकलं. लहानपणी आम्ही तसेच बसायचो. मी एका म्हशीला, दिलीप दुसऱ्या. त्याचे हात लहान होते, अंगठ्यात सड मावायचा नाही, म्हणून तो रडायचा. ते आठवलं आणि माझं अंग ताठ झालं. म्हशीनं लगेच पाय उचलला.

"श्वास कुठं आडकलाय?" बाई मागून हळू म्हणाल्या. "सोडा तो."

मी सोडला. डॉक्टरांनी शिकवलं होतं तसा, सावकाश, घेतल्यापेक्षा लांब. दवाखान्यात तो प्रकार मला पोरकट वाटला होता. इथं माझ्या कपाळाशी एक भलं मोठं पोट वर-खाली होत होतं आणि त्याच्या मागं मागं जाणं एवढंच काम होतं. उबदार, केसाळ, पेंडीचा वास. पोट फुगलं की मी घ्यायचो, बसलं की सोडायचो. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग बोटांना कळलं, माझ्या आधी. सड भरले, तट्ट झाले. पान्हा आला होता.

पहिली धार चरवीच्या पत्र्यावर वाजली. धार वाजत राहिली, मग दुधावर फेस आल्यावर तिच्या आवाजाची घरघर झाली. छातीवरचा पाटा होता, पण कुणीतरी तो उचलून धरला होता. डोळ्यांतून पाणी आलं ते म्हशीच्या अंगाला पुसलं. चरवी भरली तेव्हा उठायचं मन होईना.

सौदा बाहेर झाला, चपला घातल्यावर. मी नावं ठेवली नाहीत, तरी घासाघीस केली; बाईंनी माझ्यापेक्षा चांगली केली. संध्याकाळची धार अजून बघायची आहे का, असं त्यांनी तिरकस विचारलं. लागोपाठच्या दोन धारांचा रिवाज होता आणि कालची मीच बुडवली होती. मी म्हटलं, "कालची तुमची नव्हती, माझी होती. धरा बघितली म्हणून." निघताना त्यांनी नुकत्याच व्यालेल्या दुसऱ्या म्हशीचा खरवस बांधून दिला आणि सांगितलं, "पयल्या दिशी दूध दिनार न्हाय ती. नवीन जागा. वरडू नगा."

टेम्पो ठरवायला मी इंदापूरला गेलो. टेम्पोवाला संध्याकाळी मोकळा होणार होता, म्हणून दुपारी एका खाणावळीत उजनीच्या पाण्यातला मासा खाल्ला, झणझणीत, ज्वारीच्या भाकरीबरोबर, आणि मग एका जीपमधून त्या पाण्याकडे गेलो. उजनी धरणाचं पाणी म्हणजे समुद्रच. पलीकडचा काठ धूसर. पाणी ओसरलेल्या चिखलात पांढरे पक्षी पाय उचलून उचलून चालत होते. जुनी गावं या पाण्याखाली आहेत, हे इथं सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी मुद्दाम बोलत नाही.

तिथंच पुन्हा संदीपचा फोन आला. दिलीपकाकानं पाटीवर आता 'एकमेव' असंही लिहिलंय, म्हणाला. छाती आवळली. आता इथं म्हैस नव्हती, कूस नव्हती. मी चपला काढल्या, पाय पाण्यात सोडले, श्वास लांब सोडला. थोडं ढिलं झालं, पूर्ण नाही. जैतूनबी म्हणाल्या होत्या तेच खरं: धार दोन वक्ताला, आणि दिवस केवढा. मी संदीपला म्हटलं, "पाटी तिथंच राहणार आहे. आल्यावर बघू." आरडाओरडा आला नाही म्हणून त्याला वाटलं, फोन कट झाला. मग मी डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन लावला आणि त्या समुपदेशक बाईंची वेळ घेतली. कंपाउंडरनं विचारलं, पेशंट कोण. मी माझं नाव सांगितलं.

चांदणी आणि तिचं रेडकू टेम्पोत चढवून आम्ही साताऱ्याला आलो. पहिल्या दिवशी तिनं दूध दिलं नाही. लता म्हणाली, "फसवलं काय त्यांनी?" मी म्हटलं, "घाबरलीय. जागा नवीन आहे." लतानं माझ्याकडे असं बघितलं, जणू टेम्पोतून म्हशीबरोबर आणखी कुणीतरी उतरलंय.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गोठ्यात बसलो. एक गोष्ट इथं नीट लिहितो, कारण वाचणारे म्हणतील, प्रवासात गृहस्थांचं मन निवळलं. तसं झालेलं नाही. दिलीपनं जे केलं ते चूक आहे, उद्याही चूकच राहील, आणि ते त्याला तोंडावर सांगायचं बाकी आहे. ते न ओरडता कसं सांगायचं, यासाठी मी त्या समुपदेशक बाईंकडे जाणार आहे. एवढाच फरक पडला की माझा राग आता माझ्या अंगात दिवसभर वस्तीला नसतो. त्याला उतरवून ठेवायची एक जागा मला शेळगावात दाखवली गेली.

चांदणीनं पान्हा सोडला. धार वाजू लागली. बांधलेलं रेडकू ओरडत होतं, आणि तो आवाज परड्यापलीकडे जाणारच होता. दारातला उजेड कमी झाला. मी वळलो नाही, चालीवरून कळलं. तोही लहानपणी या आवाजानं झोपेतून उठून यायचा.

"पंढरपुरी?" दिलीपनं विचारलं.

कपाळाखालचं पोट क्षणभर थांबलं. चांदणीचा एक कान मागं वळला. माझ्या छातीत पाटा हलला, आणि मी श्वास सोडला, लांब, सगळा. धार तुटली नाही.

"चपला बाहेर काढ," मी म्हटलं, "आणि ये."